बैन कुठे आहे? : शिबलींचा अनीस आणि आपण

दहावीच्या वर्गाला मर्सिया शिकवायचा असला की माझी तयारी ठरलेली असते. फळ्यावर वर ‘सनफ-ए-सुखन : मर्सिया’ असे लिहायचे. त्याखाली ‘रिसा’ हा मूळ अरबी शब्द, म्हणजे गेलेल्या माणसासाठी केलेला शोक. मग मुसद्दस म्हणजे सहा ओळींचा बंद, पहिल्या चार ओळी एका काफियाच्या, शेवटच्या दोन वेगळ्या. आणि मग घटक : चेहरा, सरापा, रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत, बैन. परीक्षेत हे घटक विचारतात, म्हणून मुलांकडून दोन वेळा मोठ्याने म्हणवून घेते. त्यानंतर पुस्तकातले बंद. पाठ्यपुस्तकांत मीर अनीसचे बहुधा दोनच तुकडे फिरून फिरून येतात : एक आशूराच्या पहाटेचा, दुसरा करबलाच्या उन्हाचा. दोन्ही शिकवायला सोपे. दव, पाखरे, वाळू, तापलेला फुरात. अलंकार ओळखा, जागा भरा.

तीन वर्षांपूर्वी हा तास संपत आला असताना एका मुलीने हात वर केला. ‘‘मिस, इस में बैन कहाँ है?’’

मी म्हटले, निसाब में नहीं है. ती म्हणाली, ‘‘मगर मिस, बैन के बगैर मर्सिया खत्म कैसे होगा?’’ मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच बोलले, ‘‘ये उन लोगों का है,’’ आणि तीन-चार मुले हसली. मी ‘खामोश’ म्हटले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तास संपल्यावर ती फळ्याजवळ आली. इमाम हुसैनच्या नावापुढे मी ‘रजि.’ लिहिले होते. तिने त्याकडे पाहिले, काही बोलली नाही, दप्तर उचलून गेली. आमच्या शाळेतली ती एकमेव शिया मुलगी. हे मला आधीपासून माहीत होते. बी.एड.ला पाठ-टाचण काढायला शिकवले, उद्दिष्टे लिहायला शिकवले. या प्रसंगासाठी त्या टाचणात रकाना नव्हता.

मुलीचा प्रश्न खरे तर समीक्षेचा होता. अनीसचा मर्सिया बैनशिवाय पूर्ण होतो का? आपण, म्हणजे सुन्नी घरांत वाढलेले उर्दूचे वाचक आणि शिक्षक, जो अनीस वाचतो तो कोणता? या प्रश्नाचा माग काढताना मी पुन्हा शिबली नोमानींच्या ‘मुवाजना-ए-अनीस-ओ-दबीर’कडे गेले. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे.

आधी जे उघड आहे ते लवकर सांगून टाकते. आपल्या वाचकांपैकी बहुतेक सुन्नी आहेत. मराठवाडा-विदर्भाकडे हनफी, कोकणात शाफई. शिया म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते मुंबईचे बोहरा आणि खोजा व्यापारी, नाहीतर इराणी हॉटेलचे मालक. त्यांतही बोहरा हे इस्माईली, बारा इमाम मानणारे नव्हेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते? फरक विचारला तर उत्तरे येतात ती नमाजेची : ते हात सोडून उभे राहतात, सजद्याला मातीची टिकली ठेवतात, दोन नमाजा जोडून पढतात. हात सोडून तर मालिकी सुन्नीही उभे राहतात. ही उत्तरे खोटी नाहीत, पण ती दारावरची आहेत. घरात शिरायचे तर प्रश्न इमामतचा आहे.

पैगंबर (स.) ६३२ मध्ये गेले. त्यांच्यामागे उम्मतचे नेतृत्व कोणी करायचे हा प्रश्न लोकांनी सोडवला आणि हजरत अबू बकर खलिफा झाले, असे सुन्नी मानतात. शियांच्या मते तो प्रश्न लोकांकडे नव्हताच. गदीर-ए-खुमला पैगंबरांनी हजरत अलींचा हात उंचावून तो सोडवला होता. गदीरची घटना सुन्नी हदीसग्रंथांतही आहे. वाद ‘मौला’ या शब्दाच्या अर्थाचा आहे : मित्र, जिव्हाळ्याचा माणूस, की वारस? एका शब्दाच्या अर्थावरून चौदाशे वर्षे चाललेला वाद साहित्याच्या शिक्षकाला परका वाटायला नको. सुन्नींसाठी खिलाफत ही व्यवस्था आहे, चांगली किंवा वाईट चालू शकणारी. शियांसाठी इमामत हा दीनच्या पाच मुळांपैकी एक आहे : तौहीद, अदल, नुबुव्वत, इमामत, कियामत. इमाम अल्लाहकडून नेमलेला आणि मासूम.

आता करबलाकडे या. हिजरी ६१, मोहरमची दहावी, इसवी ६८०. तिथे काय घडले यावर दोन्ही फिरके मोठ्या अंशी एकमत आहेत. हसन आणि हुसैन हे जन्नतमधल्या तरुणांचे सरदार, ही हदीस आपल्या तिर्मिजीत आहे. यजीदबद्दल आपल्याकडे एकच मत कधीच नव्हते : इमाम गजालींनी त्याच्यावर लानत करण्यापासून जीभ आवरायला सांगितले, तर इब्न जौजींनी यजीदची निंदा करू नका म्हणणाऱ्यांच्या विरोधात स्वतंत्र पुस्तक लिहिले. म्हणजे मरणारा कोण होता, मारणारा कोण होता, यावर भांडण नाही. भांडण आहे ते त्या मृत्यूवर किती आणि कसे रडायचे यावर. सुन्नीसाठी इमाम हुसैन हे नवासे, सहाबी, शहीद. त्यांचा खून हा भयंकर जुलूम. शियासाठी ते तिसरे इमाम. त्यांचा खून म्हणजे हिदायतच्या साखळीवरच घाव. म्हणून तिथे अश्रू ही इबादत होते. आपल्याकडे पैगंबर आपल्या मुलाच्या, इब्राहीमच्या मृत्यूवर रडले ही हदीस सांगितली जाते आणि त्याचबरोबर तोंड झोडून घेऊन, कपडे फाडून आक्रोश करायची मनाई करणारीही सांगितली जाते. अश्रू चालतात, नौहा नाही. आणि मर्सियाच्या शेवटी येणारा बैन म्हणजे नेमका नौहाच.

आता शिबली. १८५७ चा जन्म, आझमगढचे, कट्टर हनफी. ‘नोमानी’ हे उपनाम त्यांनी इमाम अबू हनीफांच्या ‘नोमान’ या नावावरून घेतले. १८९९ साली त्यांनी ‘अल-फारूक’ हे हजरत उमरांचे चरित्र लिहिले, जे आजही उर्दू घरांत आदराने वाचले जाते. आणि याच माणसाने १९०७ मध्ये ‘मुवाजना’ प्रसिद्ध करून मीर अनीसला उर्दू कवितेच्या शिखरावर नेऊन बसवले. तेव्हा ते लखनौमध्ये नदवतुल उलमाचे काम पाहत होते. त्या वर्षांतले लखनौ कसे होते हे लक्षात घेतल्याशिवाय या पुस्तकाचे मोल कळणार नाही. तोवर शिया आणि सुन्नी दोघांचे ताजिये तालकटोऱ्याच्या करबलाला जात. १९०६ च्या सुमारास वाद इतका पेटला की सुन्नींची करबला फूलकटोऱ्याला वेगळी झाली, पुढे सरकारला पिगट समिती नेमावी लागली. तिथून निघालेली वाट १९३९ च्या मदह-ए-सहाबा आणि तबर्राच्या आंदोलनांपर्यंत गेली आणि त्यानंतर १९७७ पासून १९९८ पर्यंतच्या जुलूस-बंदीपर्यंत. एक शहर, एक जबान, आणि ताजिये पुरायला दोन जागा. अशा वेळी ‘अल-फारूक’चा लेखक भर लखनौमध्ये उठतो आणि म्हणतो की उर्दूत सर्वांत मोठी शायरी कुठे असेल तर ती अनीसच्या मर्सियात. हे धैर्य होते. हालींनी १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’मध्ये अनीसला मान दिला होताच, पण शिबलींनी पूर्ण पुस्तकच लिहिले.

पुस्तकाची रीत आजही शिकण्यासारखी आहे. फसाहत, बलागत, उपमा आणि रूपके, भावनांचे चित्रण, दृश्यवर्णन, प्रसंगवर्णन अशी एकेक कसोटी घ्यायची आणि त्याखाली अनीसचे बंद उतरवून दाखवायचे. काही ठिकाणी शेजारी दबीरचे ठेवायचे. अनीस आणि दबीर जवळपास समवयस्क, १८७४-७५ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने दोघे वारले. त्यांच्या हयातीतच लखनौ ‘अनीसिये’ आणि ‘दबीरिये’ अशा दोन तटांत वाटले गेले होते. शिबलींनी तराजू अनीसकडे इतका झुकवला की दबीरच्या बाजूने ‘अल-मीजान’सारखी उत्तरे निघाली. माझेही मत असे की दबीरवर अन्याय झाला. दबीरची विद्वत्ता, त्याची अवघड शब्दकळा हे सगळे शिबलींना बोजड वाटते. पण मिंबरवरून ऐकणाऱ्याला त्या बोजडपणातच इमामची शान दिसत असेल, हा विचार ते फारसा करत नाहीत. इथेच माझी खरी तक्रार सुरू होते, आणि ती दबीरपुरती नाही.

कसोट्यांखाली बंद वेगळे काढून दाखवण्याच्या या रीतीत मर्सिया हळूहळू मजलिसमधून बाहेर येतो. शिबलींच्या पानावर अनीस एक कवी आहे, एखाद्या मोठ्या फारसी शायराशेजारी बसवावा असा. त्याचे बंद छापील आहेत, शांतपणे वाचायचे आहेत. पण अनीसने ते छापण्यासाठी लिहिले नव्हते. इमामबाड्यात, मिंबरवर बसून, हाताच्या आणि भुवयांच्या मोजक्या हालचालींनी, तहतुल-लफ्ज पढण्यासाठी लिहिले होते. आणि समोर बसलेला माणूस रडण्यासाठी आलेला होता. शिबली बैनचेही कौतुक करतात, नाही असे नाही. पण ते त्याला ‘जज्बात-निगारी’ म्हणतात. आईचे दुःख कवीने किती खरे उतरवले, बहिणीच्या तोंडी कशी घरगुती भाषा घातली, अशी ती वाहवा आहे. मजलिसमध्ये बसलेली बाई अशी वाहवा करत नाही. तिच्यासाठी तो बंद म्हणजे तिची इबादत चालू आहे.

मी शिबलींना दोष देते आहे असे समजू नये. त्यांनी अनीसला सुन्नी वाचकाच्या दारापर्यंत आणले. पण आणताना मजलिस बाहेर ठेवली. कदाचित त्याशिवाय दार उघडले नसते. अडचण पुढच्या लोकांची आहे. पाठ्यपुस्तके काढणाऱ्यांनी आणि आम्हा शिक्षकांनी शिबलींच्या पुस्तकातला धोका काढून टाकला आणि कसोट्या तेवढ्या ठेवल्या. बैनही गेला. उरले दव आणि ऊन. दवाला आणि उन्हाला अकीदा लागत नाही.

आता तो पहाटेचा मर्सिया घ्या. जवळपास दोनशे बंदांचा आहे. रात्र सरते, तारे विझतात, गवतावर दव चमकते, पाखरे बोलू लागतात, आणि इमाम हुसैन साथीदारांना फज्रच्या नमाजेसाठी उठवतात. अली अकबर अजान देतात. मी वर्षानुवर्षे हे ‘मंजर-निगारी’ म्हणून शिकवले. सुंदर सृष्टिवर्णन, अरबस्तानच्या वाळवंटात लखनौची बाग उगवली आहे, असा टीकाकारांचा नेहमीचा आक्षेपही सांगितला. पण मर्सिया तिथे थांबत नाही. नंतर अलम कोणाला द्यायचा हा प्रसंग येतो. बीबी जैनबचे दोन कोवळे मुलगे, औन आणि मुहम्मद, यांना अलम हवा आहे. आई त्यांना झिडकारते आणि अलम अब्बासना मिळतो. हा प्रसंग घरातल्या भांडणासारखा लिहिला आहे, त्यात कुठेही मोठा शब्द नाही. ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक आहे की संध्याकाळपर्यंत यातले कोणीही उरणार नाही. आई मुलांना रागावते आहे त्या क्षणी मजलिसमध्ये हुंदके सुरू होतात.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. त्या मुलीच्या दादींनी निरोप पाठवला : मिस को मजलिस में ले आओ. मी गेले. खरे सांगायचे तर घरी न सांगता गेले. एका साध्या खोलीत जमिनीवर चादरी, काळे कपडे घातलेल्या तीस-चाळीस बायका, एक लहान मिंबर. आधी सोज, मग सलाम, मग मर्सिया. दादींनी वहीतून तोच पहाटेचा मर्सिया पढायला घेतला. मी मनात म्हटले, चला, हे तर माझे पाठ आहे. पाखरांचा बंद आला आणि माझ्या शेजारच्या बाईने ओढणी तोंडाशी धरली. पाखरांच्या बंदावर! मी चमकून पाहिले. अजानचा बंद येईपर्यंत अर्धी खोली रडत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे मी तो बंद चुकीचा शिकवत होते. ती सृष्टीची पहाट नाही, ती शेवटची पहाट आहे. दव इतके सुंदर आहे कारण थोड्या वेळात पाणी मिळणार नाही. अजान इतकी गोड आहे कारण देणारा दुपारपर्यंत जिवंत नसेल. अनीस सौंदर्य रचतो ते बैनच्या भरवशावर. बैन काढून घेतला तर जे उरते ते खरोखरच एक बाग आहे, आणि मग टीकाकार म्हणतो की वाळवंटात बाग कशी? त्याचा आक्षेप बरोबर आहे, फक्त त्याने मर्सिया अर्धाच वाचला आहे.

दुसरे उदाहरण जंगचे. अनीसच्या कित्येक मर्सियांत इमाम एकटे उरल्यावर तलवार उपसतात. ती तलवार चालते तेव्हा फौजा पळतात, दरिया काठ सोडतो, जमीन हलते. मग गैबमधून हाक येते की आता पुरे, आणि इमाम तलवार म्यान करतात. वर्गात मी याला ‘मुबालगा’ म्हणते, अतिशयोक्ती अलंकार. सुन्नी वाचकासाठी ते तसेच आहे. पण ज्याचा अकीदा असा आहे की इमाम अल्लाहकडून नेमलेला आहे, त्याच्यासाठी यात अलंकार कुठे आहे? इमाम हरले नाहीत, त्यांनी हाक ऐकून हात आवरला. मृत्यू हा पराभव नसून आज्ञापालन आहे. सगळा मर्सिया या खिळ्यावर टांगलेला आहे. मला हे मानायचे नाही, ते माझ्या अकीद्यात नाही. पण न मानताही ते माहीत असल्याशिवाय मला तो बंद कळत नाही. फरक लपवून साहित्य शिकवता येते हा आमचा समज इथे मोडतो.

यावर कोणी म्हणेल की करबला आता साऱ्या उर्दू शायरीची झाली आहे, तिला शिया-सुन्नीच्या चौकटीत परत का कोंबता? मौलाना मुहम्मद अली जौहरांचा शेर आपल्या जलशांत सगळे म्हणतात, इक्बालांनी हुसैनना हुर्रियतचे प्रतीक केले, जोश मलीहाबादींनी १९४१ मध्ये ‘हुसैन और इन्किलाब’ लिहून मर्सियाच इंग्रजांविरुद्ध उभा केला. गोपीचंद नारंग यांनी १९८६ मध्ये ‘सानिहा-ए-करबला बतौर शेरी इस्तिआरा’ या पुस्तकात आधुनिक गझलेत करबला रूपक म्हणून कशी येते ते दाखवले आहे. आपल्या मुंबईत राहिलेले अली सरदार जाफरी तर अनीसच्या छायेत मर्सिये लिहिता लिहिताच शायर झाले आणि नंतर कम्युनिस्ट. हे सगळे खरे आहे आणि मला प्रियही आहे. पण रूपक झाले की रडण्याची गरज राहत नाही. रूपकातला हुसैन सगळ्यांचा असतो, म्हणून त्याच्यासाठी कोणालाच काळे कपडे घालावे लागत नाहीत. मागच्या बाकावरचा मुलगा जौहरांचा शेर भाषणस्पर्धेत म्हणतो आणि त्याच तोंडाने ‘उन लोगों का’ही म्हणतो. रूपकाने त्याला त्यापासून वाचवले नाही.

आणि ‘उन लोगों का’ हे तरी कितपत खरे? माझ्या नानीच्या गावात मोहरमला पंजे बसत, सवाऱ्या निघत, अलाव्याभोवती लोक फिरत. त्यात शिया एकही नव्हता. सगळे हनफी, आणि निम्मे तर मराठा आणि दलित घरांतले. नानी दहा दिवस पलंगावर झोपत नसे, घरात लग्नाची बोलणी होऊ देत नसे, दहावीला शरबत आणि खिचडा वाटायची. सकीनाची तहान सांगताना तिचा आवाज फुटत असे. माझ्या आईपर्यंत येताना फक्त खिचडा उरला. माझ्या पिढीला शिकवले गेले की आशूरा म्हणजे हजरत मूसांच्या सुटकेचा रोजा, बाकी सारे बिदअत. रोजा खराच आहे, हदीसमध्ये आहे. मी धरते. पण नानीचा तो फुटलेला आवाज शिया नव्हता, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

दख्खनमध्ये याची मुळे फार खोल आहेत. यूसुफ आदिलशहाने विजापूरला शिया खुतबा सुरू केला तो १५०३ च्या सुमारास. शाह ताहिरच्या प्रभावाने अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला तो १५३७ च्या आसपास. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशहा स्वतः मर्सिये लिहीत असे. म्हणून आपण म्हणतो की दख्खनी मोहरम ही शिया सुलतानांची देणगी. पण १५०३ मध्येच दख्खनी उर्दूत ‘नौसरहार’ नावाची करबलावरची दीर्घ मसनवी लिहिली गेली. लिहिणारे अशरफ बियाबानी, अंबड परिसरातल्या बियाबानी सूफी घराण्यातले. म्हणजे अनीसच्या तीनशे वर्षे आधी, आपल्या जालना जिल्ह्यात, एका सुन्नी सूफीने करबला उर्दूत सांगितली होती. त्याला कोणा सुलतानाचा हुकूम नव्हता. उत्तरेत शाह अब्दुल अजीज देहलवींनी शियांच्या खंडनात ‘तोहफा-ए-इस्ना अशरिया’ लिहिला, जो आजही वादात पुढे केला जातो. त्यांनीच हसन-हुसैनच्या शहादतीवर ‘सिर्रुश्शहादतैन’ही लिहिले. खंडन करणाऱ्याची दुःखातली वाटणी संपलेली नव्हती. शिबली त्याच परंपरेतले. एका हाताने ‘अल-फारूक’, दुसऱ्या हाताने ‘मुवाजना’. आपण मात्र दोनांपैकी एक हात निवडून बसलो.

शिया बाजूलाही सगळे बंद डोळ्यांनी चालते असे नाही, हेही नोंदवायला हवे. कासिम आणि कुबराचे करबलातले लग्न, त्याची मेहंदी, हे आपल्या मोहरमातही शिरलेले प्रसंग इतिहासात टिकत नाहीत. हे म्हणणारे केवळ सुन्नी टीकाकार नाहीत. इराक-इराणातले मोठे शिया मुहद्दिस मिर्झा हुसैन नूरी (मृत्यू १९०२) यांनी लोकांना रडवण्यासाठी रचलेल्या खोट्या रिवायतींवर ‘लुलू व मरजान’ हे कडक पुस्तक लिहिले; पुढे मुर्तजा मुतहरींनीही तोच सूर लावला. मजलिसमध्ये मी दादींना कासिमच्या लग्नाबद्दल विचारलेच. त्या म्हणाल्या, ‘‘बेटी, तारीख मौलाना से पूछो. हम तो उस माँ को रोते हैं.’’ समीक्षक म्हणून मला हे उत्तर पुरत नाही. पण अनीसने नेमके याच उत्तरावर काव्य उभे केले : करबलाच्या बीबियांना त्याने लखनौच्या बेगमांची बोली दिली, कारण ऐकणारीला त्या आपल्या घरातल्या वाटायला हव्या होत्या.

आपल्या मुस्लिम मराठी लेखनात हे काहीच का नाही? हमीद दलवाईंच्या ‘इंधन’पासून (१९६५) आजपर्यंतच्या कथा-कादंबऱ्यांत माझ्या वाचनात एकही शिया घर आलेले नाही. हिंदीत राही मासूम रजांनी १९६६ मध्ये ‘आधा गाँव’ लिहिले, गाझीपूरच्या गंगौलीतल्या शिया सय्यदांचे मोहरम हाच त्या कादंबरीचा कणा आहे, आणि त्यात गावातल्या सुन्नी विणकरांकडे सय्यद कोणत्या तोऱ्याने पाहतात तेही लपवलेले नाही. आपण जातीवर लिहिले, तलाकवर लिहिले, दंगलींवर लिहिले. आपल्याच आतल्या अल्पसंख्याकावर लिहायची वेळ आली की ‘उम्मत एक आहे’ म्हणून विषय बंद करतो. शाळेत मी ‘खामोश’ म्हटले, त्याचेच हे मोठे रूप.

गेल्या वर्षीपासून मी तास थोडा बदलला आहे. पुस्तकातले बंद झाले की सांगते, हा मर्सिया इथे संपत नाही. पुढे काय होते ते गद्यात सांगते, बैनपर्यंत. मग सांगते की शिया लोक यावर रडणे सवाब मानतात, आपले उलमा नौहा मना करतात, दोघांची दलील काय आहे. आणि हा मर्सिया रडण्यासाठी लिहिला आहे हे लक्षात ठेवून पहिला बंद पुन्हा वाचा. एका पालकांनी तक्रार केली की मिस शियापणा शिकवतात. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारले. मी ‘अल-फारूक’ आणि ‘मुवाजना’ दोन्ही टेबलावर ठेवले आणि विचारले, सर, हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत, कोणते शिकवू? त्यांनी चहा मागवला.

नावापुढच्या अक्षरांचा प्रश्न सुटलेला नाही. जुन्या सुन्नी ग्रंथांतही अहल-ए-बैतच्या नावांपुढे ‘अलैहिस्सलाम’ आढळते, बुखारीच्या कित्येक छापील प्रतींत बीबी फातिमांच्या नावापुढेही आहे. तरी फळ्यावर ते लिहिताना माझा हात अजून अडखळतो. या लेखात मी इमाम हुसैन एवढेच लिहिले आहे. ती मुलगी आता बारावीला आहे. तिच्या दादींची मर्सियाची वही माझ्याकडे दोन महिने होती. मी तिच्यातून बैनचे बंद उतरवून घेतले. परत करताना पाहिले तर पहाटेच्या बंदांशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले होते : यहाँ ठहरना. मी विचारले, का? दादी म्हणाल्या, ‘‘यहाँ औरतें बहुत रोती हैं. आगे का सुनाई नहीं देता.’’